टॅग लावला, तरी वर्णपटात शेजाऱ्यांच्या रेषा का येतात?

लक्षण असं असतं. पोलोनियम-१९२ च्या अल्फावर टॅग लावून, म्हणजे अल्फा क्षयावरून ओळख पटलेल्या केंद्रकांचेच गॅमा निवडून, वर्णपट काढला. २६२ केईव्हीची (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) रेषा, म्हणजे पहिल्या उत्तेजित २+ पातळीवरून तळपातळीला येणारं संक्रमण, अपेक्षेप्रमाणे उभी आहे. पण तिच्यासोबत ७७४ वर एक आणि ८५४ वर एक अशा आणखी दोन रेषा दिसतात, आणि त्या इतक्या स्वच्छ असतात की पातळी-आराखड्यात त्यांना जागा द्यावीशी वाटते. ७७४ ही शिसे-१९० ची ओळख, ८५४ ही शिसे-१९२ ची. दोघेही त्याच अभिक्रियेत भरपूर तयार होणारे शेजारी. ज्यांना दाराबाहेर ठेवण्यासाठी टॅगिंगचा सगळा खटाटोप केला, तेच आत येऊन बसलेले.

टार्गेट बदललं, बीम बदलला, वेगळ्या विभाजकावर गेलो, तरी ही अडचण पुन्हा समोर येते. दरवेळी पहिली प्रतिक्रियाही तीच असते: हाताला लागेल तो गेट, म्हणजे निवडीची खिडकी, घट्ट करायचा. अल्फाचा गेट अरुंद, वेळेचा गेट अरुंद, शोधाची मुदत कमी. परक्या रेषा थोड्या खाली जातात, पण त्यांच्याबरोबर २६२ सुद्धा खाली जाते आणि गुणोत्तर जिथल्या तिथे राहतं. मायक्रोबार्नच्या घरातल्या, म्हणजे अतिशय विरळ घडणाऱ्या अभिक्रियांच्या कामात एकेक मोजणी मोलाची असते. ती अशी उधळू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून गेटला हात लावण्याआधी एक गोष्ट करा. परकी रेषा कुठल्या वाटेने आत आली ते ओळखा. प्रत्येक वाटेची खूण वेगळी असते आणि ती हातातल्या डेटातच सापडते.

आधी पद्धत दोन ओळींत, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. न्यूट्रॉनची तूट असलेली जड अणुकेंद्रं बहुधा संमीलनातून मिळवतात. आर्गॉन-३६ डिस्प्रोसियम-१६० वर आदळला की पोलोनियम-१९६ हे तापलेलं संयुक्त केंद्रक बनतं आणि कण बाहेर टाकत थंड होतं. चार न्यूट्रॉन टाकले तर पोलोनियम-१९२. पण न्यूट्रॉन आधीच कमी असल्यामुळे ते घट्ट बांधलेले असतात, प्रोटॉन आणि अल्फा त्या मानाने सहज सुटतात, आणि बऱ्याच केंद्रकांचं तर विखंडनच होतं. परिणामी पोलोनियम-१९२ चा काटछेद (तयार होण्याच्या शक्यतेचं माप) १० मायक्रोबार्नच्या आसपास, तर शिसे आणि बिस्मथच्या वाटा मिलिबार्नमध्ये. टार्गेटभोवतीच्या जर्मेनियम डिटेक्टरांना ही सगळी गर्दी एकदमच दिसते. म्हणून धक्क्याने टार्गेटबाहेर उडालेलं केंद्रक, म्हणजे रिकॉइल, विभाजकातून (बीम बाजूला काढणाऱ्या यंत्रातून) पार करून सिलिकॉनच्या पट्टी-डिटेक्टरमध्ये रुतवायचं, त्याच पिक्सेलमध्ये (आडव्या-उभ्या पट्ट्या छेदतात त्या चौकोनात) नंतर येणाऱ्या अल्फाच्या ऊर्जेवरून त्याचं नाव ओळखायचं, आणि मग मागे जाऊन ते रिकॉइल जन्माला आलं त्या क्षणीचे गॅमा उचलायचे. १९८६ मध्ये डार्मस्टाटच्या जीएसआयमध्ये पारा-१८० वर हे पहिल्यांदा करून दाखवलं गेलं, आणि नव्वदच्या दशकात मोठे जर्मेनियम संच विभाजकांना जोडले गेल्यावर ते सर्रास वापरात आलं.

या साखळीत तीन जोड आहेत: गॅमा आणि रिकॉइल यांचा, रिकॉइल आणि अल्फा यांचा, अल्फा आणि नाव यांचा. चूक या तिन्हींपैकी कुठेही होऊ शकते. कुठे झाली हे ओळखायला तीन वर्णपट एकाखाली एक लावा: कुठलाही गेट नसलेला, फक्त रिकॉइलचा गेट असलेला, आणि टॅग केलेला. टॅग केलेल्यातला परका भाग वरच्या कुठल्या वर्णपटासारखा दिसतो? बिनगेटच्यासारखा दिसत असेल तर पहिला जोड निसटलाय. रिकॉइल-गेटच्यासारखा, म्हणजे सगळे बलवान शेजारी त्याच प्रमाणात हजर, असा असेल तर दुसरा. आणि एकच शेजारी ठळक, बाकीचे गायब, असं असेल तर तिसरा. ही तुलना डोळ्यांनी केली तरी दहापैकी आठ वेळा उत्तर मिळतं.

दुसरा जोड: चुकीचं रिकॉइल

सर्वात जास्त त्रास इथे होतो, म्हणून याच्यापाशी जरा थांबते.

अल्फा आला की आपण त्याच पिक्सेलमधलं शेवटचं रिकॉइल शोधतो आणि तेच त्याचं मूळ धरतो. पण खरं मूळ रुतल्यानंतर आणि अल्फा सुटण्याआधी मध्येच दुसरं रिकॉइल त्याच पिक्सेलमध्ये येऊन पडलं, तर आपण त्या दुसऱ्याचे गॅमा उचलतो. आणि ते दुसरं बहुतेक वेळा बलवान शेजाऱ्यांपैकीच असणार.

याचा हिशेब सोपा आहे. क्षयाचा दर म्हणजे ०.६९३ भागिले अर्धायुष्य. तो दर भागिले (तो दर अधिक पिक्सेलमधल्या रिकॉइलचा दर), एवढा जोडण्यांचा भाग बरोबर असतो. समजा दोन सिलिकॉन डिटेक्टर मिळून ४८०० पिक्सेल आहेत आणि एकूण रिकॉइल सेकंदाला ५०००. म्हणजे पिक्सेलमागे सेकंदाला साधारण एक. पोलोनियम-१९२ चं अर्धायुष्य ३३ मिलिसेकंद, क्षयाचा दर सेकंदाला २१. २१ भागिले २२, म्हणजे ९५ टक्के जोडण्या बरोबर. पोलोनियम-१९४ चं अर्धायुष्य ०.३९ सेकंद, तिथे ६४ टक्के. पोलोनियम-१९६ चं ५.८ सेकंद, तिथे जेमतेम ११ टक्के. एकच डिटेक्टर, एकच दर, आणि तीन समस्थानिकांसाठी तीन वेगळी जगं. शिवाय रिकॉइल सगळीकडे सारखे पडत नाहीत. मधल्या भागात दर तिप्पट असेल तर पोलोनियम-१९४ चा आकडा ३७ टक्क्यांवर येतो. म्हणून सरासरी दरावर विसंबू नका. पिक्सेल-पिक्सेलचा नकाशा काढा. कडेच्या पिक्सेलांत तुमच्या रेषा स्वच्छ आणि मधल्यांत मळकट दिसल्या, तर वेगळा पुरावा शोधायची गरजच नाही.

दुसरी तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. रिकॉइल आणि अल्फा यांच्यातला वेळ लॉगरिदमच्या अक्षावर मांडा, आणि त्या चित्रापुरती शोधाची मुदत चांगली मोठी, दहा-वीस सेकंद ठेवा. या अक्षावर घातांकी क्षय घंटेसारखा दिसतो आणि त्याचा माथा सरासरी आयुष्यावर येतो. पोलोनियम-१९२ साठी माथा ४७ मिलिसेकंदांजवळ पाहिजे. निव्वळ योगायोगाने जुळलेल्या जोड्यांची घंटा वेगळी. तिचा माथा दोन रिकॉइलमधल्या सरासरी अंतरावर, वरच्या उदाहरणात एका सेकंदाजवळ. दोन घंटा दूर असतील आणि मध्ये दरी असेल, तर शोधाची मुदत दरीपर्यंत ठेवा आणि निर्धास्त राहा. दोन्ही एकमेकींत मिसळल्या असतील तर मुदत कितीही कापली तरी शुद्धता येणार नाही. एका अर्धायुष्याएवढी ठेवलीत तर निम्मे खरे अल्फा जातील, तीन अर्धायुष्यांना ८७ टक्के हाती राहतील. मी तीनच्या खाली सहसा जात नाही.

आता एक अनुभव सांगते, कारण सुरुवातीला दिलेलं ७७४ आणि ८५४ चं लक्षण तिथलंच आहे.

हिशेबाप्रमाणे चुकीच्या जोडण्या फार तर दहा-बारा टक्के असायला हव्या होत्या. टॅगच्या वर्णपटातली ७७४ त्याहून कितीतरी जास्त होती. अल्फाचा गेट आम्ही तीनदा अरुंद केला, गुणोत्तर हललं नाही. शेवटी दोन-दोन तासांच्या प्रत्येक फाइलसाठी ७७४ आणि २६२ यांचं गुणोत्तर वेगळं काढून एका ओळीत मांडलं. पहिला दीड दिवस ठिपके सपाट. मग एका रात्री अचानक वर चढायला लागलेले, आणि सकाळी आठच्या फाइलनंतर पुन्हा खाली आलेले. नोंदवहीत त्या सकाळी एका ओळीची नोंद होती: आयसोब्युटेनची टाकी बदलली.

झालं होतं ते असं. सिलिकॉनच्या पुढे एक बहुतारी वायू-डिटेक्टर असतो. सिलिकॉनमध्ये संकेत आला आणि वायूतही आला, तर ते रिकॉइल. वायूत काहीच नसेल, तर तो क्षय. रात्री वायूचा दाब घसरत गेला, डिटेक्टरची कार्यक्षमता पडली, आणि वायूत खूण न सोडता गेलेली रिकॉइलं आमच्या लेखी ‘अल्फा’ ठरू लागली. मंदावलेल्या रिकॉइलांच्या ऊर्जेची शेपटी ७ एमईव्हीपर्यंत (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) खाली उतरते, म्हणजे थेट पोलोनियमच्या ७.१७ एमईव्हीच्या शिखराखाली. मध्यभागातल्या गर्दीच्या पिक्सेलांत अशा खोट्या अल्फाच्या आधी १०० मिलिसेकंदांत दुसरं रिकॉइल सापडण्याची शक्यता चांगली दहा-वीस टक्के. जोडणी तयार, आणि दोन्ही टोकांना शेजारीच.

खोटा अल्फा ओळखायची एक सुंदर खूण आहे. खरा अल्फा सुटतो तेव्हा टार्गेटपाशी त्याच्याशी संबंधित काहीच घडत नसतं. खोटा अल्फा म्हणजे नुकतंच टार्गेटमधून आलेलं रिकॉइल. त्याचे गॅमा उड्डाणाच्या वेळेइतके आधी, म्हणजे साधारण मायक्रोसेकंदाच्या आसपास, टार्गेटच्या संचात नोंदलेले असतात. म्हणून तुमच्या ‘अल्फा’ आणि टार्गेटच्या जर्मेनियममधल्या वेळेचा आलेख काढा. तो सपाट असायला हवा. रिकॉइलच्या उड्डाणवेळेवर टोक दिसलं, तर त्या टोकात आलेले सगळे ‘अल्फा’ बनावट आहेत. आमच्या आलेखात त्या रात्रीच्या फाइलींपुरतं टोक होतं, आणि त्या टोकावर गेट लावून काढलेल्या वर्णपटात ७७४ आणि ८५४ अशा उभ्या होत्या की वादाला जागाच उरली नाही.

ज्या ‘अल्फां’बरोबर असा तत्काळ गॅमा आहे ते टाकून द्या, हा पहिला उपाय. याने सगळे खोटे जात नाहीत, कारण प्रत्येक रिकॉइलचा किमान एक गॅमा पकडला जाईलच असं नाही. पण निदान तिसरा हिस्सा तरी जातो आणि खरे अल्फा जवळपास जसेच्या तसे राहतात. बीम अधूनमधून बंद ठेवण्याची सोय असेल तर बंद काळातले अल्फा पूर्ण खरे मानता येतात. ३३ मिलिसेकंदांच्या अर्धायुष्याला तशी सोय क्वचितच जमते, पण अल्फा-वर्णपटाची पार्श्वभूमी नक्की किती, हे कळायला बीम बंद असतानाची एक फाइल पुरते. आणि वायूचा दाब, प्रवाह, व्होल्टेज हे आकडे डेटाच्या प्रवाहातच लिहून ठेवा. कागदी नोंदवहीतली एक ओळ आम्हाला वेळेवर सापडली, हे आमचं नशीब.

उरलेली यादृच्छिक जोडणी वजा कशी करायची? इथे एक चूक फार होते: शेवटचं रिकॉइल शोधण्याचीच पद्धत ठेवून उशिराच्या मुदतीचा वर्णपट वजा करतात. मग वजाबाकीचं प्रमाण बसत नाही, कारण शेवटचं रिकॉइल शोधताना उशिराच्या मुदतीत मोजण्या आपोआप कमी होत जातात. वजाबाकी करायची असेल तर मुदतीतली सगळी रिकॉइलं घ्या. पोलोनियम-१९२ साठी ० ते १०० मिलिसेकंद हा खरा गेट, आणि अर्ध्या सेकंदापासून दीड सेकंदापर्यंतचा दुसरा. अर्धा सेकंद म्हणजे पंधरा अर्धायुष्यं. तिथे खरं काही उरत नाही. दुसरा गेट दहापट रुंद, म्हणून त्याचा वर्णपट दहाने भागून वजा करा. रुंद गेट घेतल्यामुळे वजाबाकीतली सांख्यिकी चूकही लहान राहते. ज्या रेषा या वजाबाकीनंतर शून्यावर येतात त्या तुमच्या नव्हत्याच.

तिसरा जोड: अल्फाचं नाव चुकलं

एकच शेजारी ठळक दिसतोय? मग त्याचा अल्फा तुमच्या अल्फाच्या गेटमध्ये बसतोय का ते बघा. डोळ्यांपुढे ठेवण्यासारखं उदाहरण पोलोनियम-१९४ आणि बिस्मथ-१९१ च्या समघटक (जास्त काळ टिकणाऱ्या उत्तेजित) पातळीचं. पहिल्याचा अल्फा ६.८४ एमईव्ही, दुसऱ्याचा ६.८७. अंतर ३० केईव्ही, आणि सिलिकॉनची विभेदनक्षमता साधारण तेवढीच. दोन्ही एकाच प्रयोगात आले तर ऊर्जेवरून वेगळे काढणं अवघड. पण अर्धायुष्यं वेगळी आहेत: ०.३९ सेकंद आणि ०.१२ सेकंद. रिकॉइलनंतर ०.६ सेकंद सोडून द्या. बिस्मथ तीन टक्के उरतो, पोलोनियम चौतीस टक्के. त्या उशिराच्या भागात ज्या रेषा टिकतात त्या पोलोनियमच्या, आणि ज्या पडतात त्या बिस्मथच्या. उशिराच्या भागात यादृच्छिक जोडण्या वाढतात, हे विसरू नका. वरची वजाबाकी तिथेही करावी लागेल.

ऊर्जा-अंशांकनाबद्दल थोडं. बाहेरच्या अल्फा-स्रोतावर केलेलं अंशांकन रुतलेल्या केंद्रकांना जसंच्या तसं लागू होत नाही. बाहेरून येणारा अल्फा मृत थरातून जाऊन ऊर्जा गमावतो. आत जन्मलेल्या अल्फाबरोबर उलट कन्या-केंद्रकाच्या धक्क्याची ऊर्जा थोडीफार भर घालते. ७.१७ एमईव्हीच्या अल्फासाठी हा धक्का सुमारे १५० केईव्हीचा, आणि त्यातला काही भागच संकेतात येतो. एवढ्याने गेट शेजाऱ्यावर सरकू शकतो. म्हणून त्याच प्रयोगात रुतलेल्या, आधीपासून माहीत असलेल्या अल्फांवरच अंशांकन करा, आणि तेही पट्टीगणिक.

रुतण्याची खोली थोडीच असते, त्यामुळे जवळजवळ निम्मे अल्फा पुढच्या बाजूने निसटतात आणि थोडीच ऊर्जा मागे ठेवतात. त्यांचा पसारा बहुतांशी खाली असतो, पण दोन पट्ट्यांच्या फटीत पडलेले अल्फा शिखराच्या अगदी पायथ्याशी येतात. पुढच्या आणि मागच्या पट्टीतली ऊर्जा एकमेकींशी जुळली पाहिजे, ही अट घातली की हे जातात. विषम वस्तुमानांकाच्या केंद्रकांत आणखी एक गुंता: अल्फा क्षय उत्तेजित पातळीवर झाला आणि लगेच रूपांतर-इलेक्ट्रॉन (गॅमाऐवजी ती ऊर्जा घेऊन जाणारा) सुटला, तर दोघांची ऊर्जा त्याच पिक्सेलमध्ये बेरीज होऊन शिखर वरच्या बाजूला पसरतं. अशा वेळी गेट दोन्हीकडे सारखा कापू नये. शेजारी ज्या बाजूला आहे त्या बाजूनेच कापावा.

माता-कन्या साखळी जुळवून नाव पक्कं करणं हा उत्तम मार्ग, पण तो सगळीकडे चालत नाही. पोलोनियम-१९२ ची कन्या शिसे-१८८, अर्धायुष्य २५ सेकंद, आणि अल्फाने ती क्वचितच जाते. तिच्यासाठी थांबलात तर मोजण्या संपतील.

पहिला जोड: गॅमाच चुकीचा

टॅगच्या वर्णपटात टार्गेटच्या कूलोम उत्तेजनाच्या (बीमच्या विद्युतभाराने उत्तेजित झालेल्या टार्गेट-केंद्रकांच्या) रेषा, पॉझिट्रॉन-विनाशाची ५११ ची रेषा, विखंडनाचा जाड पसारा असं दिसत असेल तर गॅमा आणि रिकॉइल यांच्यातला वेळेचा गेट ढिला आहे. चाळीस डिटेक्टर, प्रत्येकी सेकंदाला २०,००० मोजण्या, आणि १०० नॅनोसेकंदांचा गेट: दर रिकॉइलमागे ०.०८ यादृच्छिक गॅमा. खरे गॅमा रिकॉइलमागे साधारण अर्धा पकडला जातो असं धरलं, तर प्रत्येक सहा खऱ्यांमागे एक खोटा. बाजूला वेळेचा गेट लावून हे वजा करता येतं, पण सायक्लोट्रॉनचा बीम स्पंदांत येतो. बाजूचा गेट स्पंदांच्या पूर्ण पटीतच घ्या. दीड स्पंद घेतलात तर वजाबाकी कधी जास्त, कधी कमी होणार.

गेट घट्ट करताना कमी ऊर्जेकडे लक्ष ठेवा. १०० केईव्हीच्या खाली जर्मेनियमचा वेळ-संकेत रेंगाळतो, आणि सरळ उभा गेट लावला की क्ष-किरण आणि खालची संक्रमणं गुपचूप कापली जातात. ऊर्जा आणि वेळ यांच्या द्विमितीय चित्रावर वाकडा गेट काढावा. नोबेलियम-२५४ सारख्या केंद्रकात, जिथे २+ ते ०+ हे ४४ केईव्हीचं संक्रमण जवळपास पूर्ण इलेक्ट्रॉनांतच जातं आणि गॅमात सगळ्यात खालची रेषा १०२ केईव्हीवर दिसते, तिथे ही हयगय फार महाग पडते.

रेषा खरी, पण केंद्रकाची नव्हे

वरचं सगळं करूनही उरणाऱ्या काही रेषा टॅगशी खरोखरच निगडित असतात. संमीलनातून सुटलेले न्यूट्रॉन त्याच घटनेतले. ते जर्मेनियमवर आदळून ५९६ आणि ६९१ केईव्हीला उजवीकडे लांब शेपूट असलेली त्रिकोणी शिखरं उठवतात. कक्षाच्या ॲल्युमिनियममधून ८४४ आणि १०१४ येतात. टॅग यांना कधीच काढणार नाही, आणि काढूही नये.

यांची ओळख पटते डॉप्लर दुरुस्तीवरून, म्हणजे धावत्या केंद्रकामुळे सरकलेली गॅमाची ऊर्जा कोनानुसार परत जागेवर आणण्यावरून. आपलं रिकॉइल प्रकाशाच्या १.९ टक्के वेगाने धावतं आणि दुरुस्ती त्या वेगासाठी असते. स्थिर जागेवरून आलेल्या रेषेला ती उलट बिघडवते. ५११ चंच बघा: दुरुस्तीनंतर बीमशी ७६ अंशांवर बसवलेल्या डिटेक्टरांच्या वलयात ती ५०९ वर, १०४ अंशांत ५१३ वर, १३४ अंशांत ५१८ वर आणि १५८ अंशांत ५२० वर जाते. एका रेषेच्या चार. सगळी वलयं एकत्र केलीत तर पसरट उंचवटा दिसेल. वेगळी ठेवलीत तर चोर चार ठिकाणी सापडेल. म्हणून कुठलीही नवी रेषा जाहीर करण्याआधी ती चारही वलयांत एकाच ऊर्जेवर आहे का, हे मी बघतेच.

क्ष-किरणांत हीच गोष्ट जास्त फसवी होते. डिटेक्टरांच्या कवचातल्या शिशाचा के-अल्फा (त्या मूलद्रव्याचा ओळखीचा क्ष-किरण) ७५.० केईव्ही. १५८ अंशांत दुरुस्तीनंतर तो ७६.३ वर येतो, आणि पोलोनियमचा के-अल्फा-दोन आहे ७६.९ वर. कवचाचा क्ष-किरण पोलोनियमची सही वाटू शकतो. पोलोनियमचा के-अल्फा-एक ७९.३ वर आहे आणि तो जवळपास पावणेदोन पट उंच असायला हवा. तो तसा नसेल, तर ७६ जवळचं शिखर मोजू नका.

पुढच्या बीमच्या वेळेसाठी दोनच गोष्टी सांगते. पिक्सेलमागचा दर आणि अर्धायुष्य यांचा वरचा हिशेब प्रस्ताव लिहितानाच करा. बीम निम्मा केला तर खऱ्या मोजण्या निम्म्या होतात, पण अर्धायुष्य छोटं असेल तर चुकीच्या जोडण्यांचं प्रमाणही जवळपास निम्मं होतं, आणि अर्धायुष्य सेकंदात असेल तर बरोबर जोडण्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं; तिथे हा सौदा बहुतेकदा फायद्याचाच असतो. आणि अर्धायुष्य त्याहूनही लांब असेल तर वायूभरल्या विभाजकाचा हट्ट धरू नका. तो जास्त रिकॉइल पोहोचवतो, पण शेजारी वस्तुमानांक एकत्रच आणतो. निर्वात विभाजक वस्तुमान आणि विद्युतभार यांच्या गुणोत्तरावर त्यांना वेगळं टाकतो, आणि तिथे थोड्या मोजण्यांत जास्त खात्री मिळते.

आमच्या वर्णपटाचं पुढे काय झालं? त्या रात्रीच्या फाइलींतले बनावट अल्फा काढले, उशिराच्या मुदतीची वजाबाकी केली. ७७४ गेली. २६२ होती तशी राहिली. ८५४ मात्र खाली आली, तरी संपली नाही, आणि दोन दिवस आम्ही पुन्हा शिसे-१९२ च्याच मागे होतो. मग वलयं वेगळी केली. १३४ अंशांत ती ८५५ वर, १५८ अंशांत ८५९ वर, १०४ अंशांत ८४८, आणि ७६ अंशांत ८४०. चारही आकडे उलट दुरुस्त केले, तर सगळे एकाच जागी आले: ८४४. ॲल्युमिनियम. विश्लेषणाच्या वहीत त्या रेषेपुढे तेवढा एक शब्द लिहिला, आणि खाली ते चार आकडे.